साउंडबार, सात महिन्यांनंतर: शार्क कायम सोफ्याखाली

या साउंडबारला इथे आधी एकच तारा दिला होता, हा त्याचा सुधारलेला रिव्ह्यू. वॅट, पोर्ट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. साडेअकरा हजारांचा २.१ साउंडबार (टीव्हीला जोडायचा लांबट स्पीकर, सोबत खर्जासाठी वेगळा सबवूफर) दिवाळीत घेतला, तो १९७५च्या 'जॉज' या शार्कच्या सिनेमासाठी. संगीतकार जॉन विल्यम्सने शार्कला दिलेले ते दोन लगतचे खर्जातले स्वर टीव्हीच्या स्पीकरला झेपतच नव्हते.

पहिल्याच रात्री पडदे थरथरले. मी खूश, खालच्या मजल्यावरच्या काकू नाखूश.

पण पुढच्या खेपेला काहीतरी बिनसलं. त्या दोन स्वरांत चाल अशी नाहीच, सगळा खेळ लयीचा आणि आवाजाचा. दबकत, संथ सुरुवात. मग लय वाढते, आवाज चढतो, म्हणजे मासा जवळ आला. शूटिंगमध्ये यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, त्यामुळे बराच वेळ तो दिसत नाही, पण किती लांब आहे ते कानाला कळतं. आमच्याकडे मात्र पहिल्या सुरापासून सोफ्याखाली! हळू ते मोठं, मोठं ते हळू, सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट.

'स्टार वॉर्स'चीही तीच गत. १९८०च्या भागात खलनायक डार्थ व्हेडरची धून पितळी वाद्यांवर दणाणते. १९८३च्या भागात तो मरतो तेव्हा तीच धून विरत विरत हार्पच्या नाजूक तारांवर येते. आमचा हार्प बँडबाजाइतकाच मोठा. माणूस जातोय की वरात निघालीय?

कस्टमर केअरला तीन फोन. तिन्ही वेळा "सर, रीसेट करून बघा." शेवटी तंत्रज्ञ आला, रिमोटवरचं चंद्राचं बटण दाबलं आणि ४५० रुपये घेऊन गेला. वॉरंटीत असून! का, तर "बिघाड नव्हताच." नाइट मोड चालू होता, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारी सोय. काकूंच्या तक्रारीनंतर हिने लावलेला.

म्हणजे इथे आधी दिलेला एक तारा माझ्याच अंगाशी आला. आता साडेतीन देतोय. पूर्ण चार नाही, कारण मोड चालू असल्याचा दिवा कुठेच नाही, आणि बंद करून परत लावलं तरी मोड तसाच राहतो. एका दिव्याला असा कितीसा खर्च येतो?

मोड काढून 'जॉज' पुन्हा पाहिला. पोरं पुठ्ठ्याचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तिथे ती धून वाजतच नाही. खरा शार्क नाही, तर धूनही नाही. आपला यावर भरवसा बसतो. मग पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीतून चारा टाकत असताना खराखुरा शार्क डोकं वर काढतो, तेही धून न वाजता! नाइट मोडमध्ये समुद्राचा आवाजच इतका वर यायचा की ही शांतता मला ऐकूच आली नव्हती.

त्याच वर्षीच्या 'शोले'तला जयचा माउथ ऑर्गन (संगीत आर. डी. बर्मन, वाजवलाय भानू गुप्तांनी) मात्र फोनवरही तितकाच लागतो. राधा एकेक दिवा मालवत जाते आणि तो वाजवत असतो. त्याला साडेअकरा हजार लागत नाहीत, हे मला दुकानात आठवायला हवं होतं.

रात्री दहानंतर काकूंसाठी मोड लावावाच लागतो. शार्क आता रविवारी दुपारी.