युरोमीटर बॅग: तासातासाची लघवी मोजायची असेल तर हीच घ्या

आयसीयूत सिस्टर आहे, त्यामुळे ठामपणे सांगते: साध्या 2 लिटरच्या युरोबॅगवर, म्हणजे लघवी जमा होण्याच्या पिशवीवर, तासाचा हिशेब लागत नाही. खुणा 100-100 मिलीच्या, आणि पिशवी फुगली की त्यांवरही भरवसा नाही. 60 किलोच्या मोठ्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे किलोमागे अर्धा मिली. ती 15-20 वर येऊन तिथेच राहिली तर डॉक्टरांना कळवावं लागतं. तिथे अंदाज चालत नाही.

युरोमीटरला पुढे कडक प्लॅस्टिकचा डबा असतो. आमच्याकडच्या बॅगेत पहिला कप्पा अरुंद, त्यावर एकेक मिलीच्या खुणा. तास झाला की डोळ्यांच्या रेषेत वाचायचं, चार्टवर लिहायचं आणि मागच्या पिशवीत सोडायचं. कॅथेटरची (मूत्राशयात घातलेल्या नळीची) जोडणी उघडावी लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जंतुसंसर्गाची भीती कमी.

खुणांची छपाई मात्र फिकी आहे, रात्री टॉर्च लागतो. नळी लोंबली की लघवी वळणात अडकते आणि आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून आधी नळी सरळ करा. किंमत साध्या बॅगेच्या कितीतरी पट. घरच्या पेशंटला खुणांचं भांडं पुरतं.

इनटेकची, म्हणजे पेशंटच्या पोटात-शिरेत किती पाणी गेलं त्याची, बाजू शेवटी आपल्यालाच सांभाळायची. अँटिबायोटिकसोबत गेलेलं 100 मिली सलाइन, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) धुतलेलं पाणी, हेच लिहायचं राहून जातं. नातेवाइकांना मी रोज सांगते, "काकू, दोन घोट नारळपाणी पाजलंत तरी मला सांगा."