क्रूझवर स्वतःची वाइन न्यायची असेल तर जहाज कोणतं निवडावं?

आई-बाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस क्रूझवर साजरा करायचा आणि त्या रात्री जेवणाच्या टेबलावर नाशिकची वाइन उघडायची, असा बेत असेल तर बुकिंगच्या आधीच एक चौकशी करा: जहाजावर बाहेरची बाटली चालते का? भाडं, बाल्कनी, जैन जेवण हे सगळेच विचारतात. बाटलीचा प्रश्न मात्र बंदरावर बॅग स्कॅनरमधून जाताना निघतो आणि तेव्हा काहीच करता येत नाही. कंपनीगणिक नियमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी सरळ नकार देणाऱ्या कंपन्या. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर बाहेरची दारू नेता येत नाही. गोव्याला उतरून घेतलेली बाटली परतीच्या रात्री केबिनमध्ये उघडू, असा हिशेब करून तिथे जाऊ नका. युरोपातल्या सहलींसाठी आपल्याकडे लोकप्रिय असलेली एमएससीही बाहेरचं पेय घेऊ देत नाही. या दोन्हींवर जायचं तर पेयांचा सगळा खर्च जहाजावरच होणार हे धरूनच बजेट मांडा.

खरी निवड आहे ती रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांच्यात.

रॉयल कॅरिबियनवर कायदेशीर वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलिलिटरची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेन नेता येते, तीही फक्त चढायच्या दिवशी. बिअर, व्हिस्की, फेणी काहीच नाही. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजावर वयाची अट २१, सिंगापूरहून सुटणाऱ्यावर १८. हिशेब माणशी आहे, त्यामुळे चार मोठ्यांच्या कुटुंबाला चार बाटल्या नेता येतात. केबिनमध्ये उघडली तर पैसे नाहीत. डायनिंग रूममध्ये किंवा बारमध्ये उघडली तर बाटलीमागे १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडण्याचं शुल्क.

नॉर्वेजियनचा नियम याच्या उलट आहे. वाइनच्या बाटल्या हव्या तेवढ्या न्या, पण ७५० मिलिलिटरच्या प्रत्येक बाटलीवर चढतानाच १५ डॉलर मोजा. दीड लिटरची असेल तर ३०. मग ती डायनिंग रूममध्ये प्या नाहीतर बाल्कनीत बसून, पैसे तेवढेच. खोक्यातली वाइन चालत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि कोल्ड ड्रिंकलाही मनाई आहे. औषधोपचारासाठी लागणारं डिस्टिल्ड पाणी आणि बाळाचं दूध तेवढं चालतं.

आता आकडे मांडू. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्लास बसतात. जहाजावरचा ग्लास १३ डॉलरचा धरला तर पाच ग्लासांचे ६५, वर रॉयल कॅरिबियनची १८ टक्के सर्व्हिस, म्हणजे जवळजवळ ७७ डॉलर. स्वतःची बाटली टेबलावर उघडली तर १५ डॉलर आणि बाटलीची दुकानातली किंमत. बचत आहेच, पण एका बाटलीपुरती. म्हणून मी सांगेन: एका खास रात्रीसाठी एक-दोन बाटल्या हव्या असतील तर रॉयल कॅरिबियन. रोज जेवणाबरोबर आपल्याच आवडीची वाइन हवी असणाऱ्या जोडप्याला नॉर्वेजियन परवडतं. मात्र नॉर्वेजियनच्या भाड्यात बऱ्याचदा ड्रिंक्स पॅकेज, म्हणजे ठरावीक रकमेत सफरभर पेयांची सोय, जोडलेलं असतं. तुमच्या तिकिटात ते असेल तर बाटल्यांचं ओझं नेण्यात अर्थ नाही.

कार्निव्हलचं गणित बरंचसं रॉयल कॅरिबियनसारखंच आहे, फक्त वय २१. डिस्ने याबाबतीत बरीच मोकळी: अमेरिकेतल्या सहलींवर २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला दोन वाइन किंवा सहा बिअर, आणि तेही फक्त पहिल्या दिवशी नाही तर प्रत्येक बंदरावर. मुलांसाठीची कंपनी म्हणून मोठ्यांनी ती आधीच बाद करू नये. मुलं नकोच असतील तर वायकिंग पाहा. तिथे १८ खालच्यांना प्रवेशच नाही, स्वतःची बाटली आणली तर कॉर्केज नाही आणि दोन्ही जेवणांबरोबर वाइन-बिअर भाड्यातच येते. भाडं अर्थातच चढं आहे.

ड्रिंक्स पॅकेजचा मोह होत असेल तर रॉयल कॅरिबियनची एक अट लक्षात ठेवा: केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या बाकीच्या मोठ्यांनाही घ्यावं लागतं. नवरा घेतो आणि बायको शिवतही नाही, अशा जोडप्याला ते महागात पडतं. अशा घरासाठी दोघांच्या वाट्याच्या दोन बाटल्या आणि वर लागेल तसा सुटा ग्लास, हेच बरं.

नाशिकहून बाटली सिंगापूरच्या जहाजापर्यंत न्यायची तर मध्ये विमान येतं आणि तिथेच घोटाळा होतो. विमानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, म्हणून ती चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. जहाजावर चढताना मात्र तीच बाटली हातातल्या बॅगेत हवी. म्हणजे बंदरावर हमालाकडे मोठ्या बॅगा देण्याआधी, हॉटेलवरच ती काढून घ्या. मोठ्या बॅगेत राहिली तर स्कॅनरमध्ये दिसते, बॅग सुरक्षा विभागात अडकते आणि पहिल्या संध्याकाळी कपडे बदलायचे वांधे होतात. सिंगापूरला ४८ तासांहून जास्त काळ बाहेरून येणाऱ्या, १८ वर्षांवरच्या प्रवाशाला दोन लिटर वाइन ड्यूटी-फ्री नेता येते, तेव्हा कस्टम्सची अडचण नाही. बाटली शक्यतो फिरकीच्या झाकणाची घ्या, कॉर्कस्क्रू शोधावा लागत नाही. टेबलावर अर्धी उरली तर वेटर तिच्यावर केबिन नंबर घालून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री आणून देतो. संकोच न करता सांगा.

न पिणाऱ्यांसाठी रॉयल कॅरिबियनवर केबिनमागे १२ कॅन, बाटल्या किंवा टेट्रापॅक चालतात, प्रत्येकी अर्ध्या लिटरपर्यंत. ताकाचे आणि कोकम सरबताचे टेट्रापॅक यात आरामात बसतात. घरचं आगळ जुन्या बाटलीत भरून नेऊ नका, सगळं कंपनीच्या सीलमध्येच असू द्या. चहासाठी इलेक्ट्रिक किटली नेलीत तर तीही काढून घेतील.

माउथवॉशच्या बाटलीतून रम नेण्याच्या युक्त्या कुणी सांगितल्या तर ऐकू नका. सापडल्यावर जहाजावरून उतरवण्याचा अधिकार कंपनीला असतो आणि तेव्हा अख्ख्या कुटुंबाच्या सहलीवर पाणी पडतं.

वाटेतल्या बंदरांवर घेतलेली दारू बहुतेक जहाजांवर चढतानाच जमा करून घेतात आणि सफर संपताना परत देतात, म्हणजे ती घरी नेण्यासाठीच असते. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी-फ्री आणता येते. वाइनच्या तीन बाटल्या सव्वादोन लिटर भरतात, म्हणून माणशी दोनच घ्या.