राउटरचा शंभर-दीडशेवाला '१२ व्होल्ट २ अँपियर' अडॅप्टर: घ्यावा का?

राउटर बंद पडला म्हणून नवा घ्यायच्या आधी अडॅप्टर तपासा, कारण बऱ्याचदा राउटर ठणठणीत असतो आणि गेलेला असतो तो अडॅप्टर. दुकानात मागितला की काउंटरवर ठरलेली वस्तू येते: काळी डबी, कंपनीचं नाव नाही, स्टिकरवर '१२ व्होल्ट २ अँपियर'. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत साधारण शंभर-दीडशेला मिळते, तालुक्याच्या मोबाइल दुकानात थोडी महाग. हा रिव्ह्यू तिचाच.

आधी आपल्याला हाच हवा आहे ना, ते बघा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. जुन्यावर १ अँपियर असेल तर २ चा बिनधास्त लावा, राउटर लागेल तेवढाच करंट ओढतो. व्होल्टमध्ये मात्र तडजोड नाही. घरात पडलेला पाण्याच्या फिल्टरचा २४ व्होल्टचा किंवा लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर कधीकधी त्याच भोकात बसतो, आणि 'बसतोय ना, मग लावू' म्हणणाऱ्यांचे राउटर दुरुस्तीच्या टेबलावर येतात. काही जुन्या अडॅप्टरच्या आउटपुटपुढे नागमोडी रेघ असते, म्हणजे तो एसी देतो. तोही इथे चालणार नाही.

पिनचा घोळ जास्त होतो. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर सारखाच, आतलं भोक मात्र २.१ किंवा २.५. पिन २.५ ची असेल तर २.१ चा प्लग आतच जात नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. उलटं झालं की त्रास: २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर मजेत बसतो, पण सैल. वायरला धक्का लागला की राउटर रीस्टार्ट. दुकानदाराला जुना प्लग दाखवा, नुसतं 'राउटरचा' म्हणू नका. राउटरच्या पिनला आत प्लस, बाहेर मायनस असतो. स्टिकरवरच्या गोलाच्या चित्रात ते दिसतं. (गिटारच्या पेडलला बहुधा ९ व्होल्ट आणि आत मायनस लागतो, त्यामुळे संगीतवाल्यांनी अदलाबदल करू नये.)

आता मुद्दा स्टिकरवरच्या '२ अँपियर'चा. काहीच न जोडलेल्या रिकाम्या अडॅप्टरला मल्टिमीटर लावला तर १२.१, १२.२ असं देखणं रीडिंग येतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब प्लगच्या टोकाला जोडा; तो पावणेदोन अँपियरच्या आसपास ओढतो. थंड फिलामेंट सुरुवातीला बराच जास्त करंट घेतं, म्हणून पहिल्या क्षणी अडॅप्टर एकदोनदा अडखळला तर सोडून द्या. पेटल्यावर प्लगवर साडेअकराच्या वर व्होल्टेज टिकलं तर माल चांगला. या वर्गातले अडॅप्टर बऱ्याचदा साडेदहाच्या खाली बसतात किंवा टिकटिक करत बंद-चालू होतात. पंधरा मिनिटांनी डबीवर तळवा ठेवा. ठेववत नसेल तर परत करा.

व्होल्टेज पडण्याचं एक कारण डबीत नसतंच, ते वायरीत असतं. दीड मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर तांबं. २६ गेजची (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक) असेल तर सुमारे ०.४ ओहम, म्हणजे या बल्बवर ०.७ व्होल्ट वाटेतच गेले. २२ गेजमध्ये हेच नुकसान ०.३ व्होल्टच्या आत राहतं. त्यात स्वस्त वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असली तर आणखी खड्डा. ओळखायची असेल तर तार ब्लेडने खरवडा: आत पांढरी निघाली की समजा.

दुसरं कारण आउटपुटचा कपॅसिटर. इथे बहुधा १६ व्होल्ट, ८५ अंशांचा बसवलेला असतो; हवा २५ व्होल्ट, १०५ अंशांचा. उन्हाळ्यात बंद कपाटात तो फुगतो, रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, वाढतो आणि राउटरचे दिवे लागलेले पण वायफाय गायब, असा चकवा सुरू होतो. कपॅसिटर बदलून मिळतो, पण घरी डबी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

सुरक्षेच्या बाबतीत हा अडॅप्टर नापास. २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यात बोर्डवर रुंद मोकळी पट्टी लागते. इथे ती नावाला असते. दोन्ही बाजू जोडणारा खास वाय कपॅसिटर असतो, त्या जागी साधी निळी चकती दिसते. ती शॉर्ट झाली की मेन्सची वीज थेट प्लगवर. चांगल्या दोन पिनी अडॅप्टरवरही धातूला हलकी झिणझिण लागते, तिला घाबरू नका; झटका बसला तर मात्र वस्तू कचऱ्यात.

साध्या १ अँपियरच्या राउटरला तो तात्पुरता चालेल. फायबरच्या मॉडेमला, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला किंवा भारनियमनासाठी घेतलेल्या मिनी यूपीएसला नाही: यूपीएस राउटर चालवता चालवता बॅटरीही भरतो, तिथे खरेच दोन अँपियर लागतात. थोडे जास्त पैसे घालून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो), म्हणजे आयएस १३२५२ हे मानक आणि 'आर-' पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असलेला घ्या. क्रमांक दुकानातच बीआयएस केअर ॲपवर टाका; ज्याचं नाव निघेल ते डबीवरच्या कंपनीशी जुळलं पाहिजे. बजेट नसेलच तर जुन्या सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेला १२ व्होल्टचा कंपनीचा अडॅप्टर शोधा. डबीच्या सांध्यावर स्क्रूड्रायव्हरच्या खुणा नसतील आणि बल्बची परीक्षा पास झाला, तर तो या नव्याकोऱ्या काळ्या डबीपेक्षा चांगला.