तिसरीसाठी ‘आरटीई कोट्यातली सीट’ कुणी देऊ केली तर आधी हे वाचा

दिवाळीनंतर यांची बदली चाकणला झाली आणि आम्ही नांदेडहून बिऱ्हाड हलवलं. मुलगी तिसरीत. घराजवळच्या इंग्रजी शाळेत चौकशी केली तर ‘वर्षाच्या मध्यात जागा नाही’ एवढंच उत्तर मिळालं. त्याच सुमारास खोली दाखवणाऱ्या एजंटानं एका गृहस्थांची गाठ घालून दिली. ‘शैक्षणिक सल्लागार’ असं कार्ड, बोलणं अगदी घरच्यासारखं. मुलीकडून सतराचा पाढा म्हणून घेतला, शाबासकी दिली आणि मग मुद्द्यावर आले.

“ताई, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतली तिसरीची एक सीट रिकामी झालीय. त्या मुलाचे आईवडील गावी परत गेले. उद्यापर्यंत धरून ठेवतो, पुढचं माझ्या हातात नाही.”

नांदेडच्या शाळेचा दाखला अजून हातात आला नव्हता, हे त्यांनी बोलता बोलता काढून घेतलं होतं. “दाखल्याशिवाय कुठलीच शाळा दारात उभं करणार नाही. पोरीचं वर्ष जाईल.” हे वाक्य लक्षात ठेवा, त्यांचा सगळा धंदा या एका भीतीवर उभा आहे. फाइल, मुलाखत आणि ‘दाखल्याची ऑनलाइन बदली’ असे मिळून १८,००० रुपये ठरले. ५,००० फोनवरून घेतले, उरलेले रोख. पावती प्रवेशाच्या दिवशी शाळाच देईल म्हणाले.

दोन दिवसांत ‘प्रवेश निश्चिती पत्र’ आलं. वर बोधचिन्ह, खाली जांभळा गोल शिक्का, मुलीचं नाव बिनचूक. ते घेऊन शाळेत गेलो. खिडकीतल्या क्लार्क बाईंनी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा यू-डायस क्रमांकावर बोट ठेवलं. प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीत मिळणारा हा ओळख क्रमांक ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ने सुरू होतो. पत्रावर दहाच अंक होते, तेही ४१ने सुरू होणारे. बाई म्हणाल्या, “आणि मुळात तिसरीला आरटीई कुठून आणलं?”

ही गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १२ नुसार खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा प्रवेशाच्या पहिल्या पायरीवरच भरल्या जातात, म्हणजे पहिलीत किंवा शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथे. तिसरीत, चौथीत या कोट्यातून नवा प्रवेश नसतोच. आपल्या राज्यात अर्ज ऑनलाइन, फुकट. निवड सोडतीनं होते, मग पडताळणी समिती कागद तपासते. जातीचा दाखला, नाहीतर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. या गृहस्थांनी यातला एकही कागद मागितला नव्हता. त्यांनी मागितले ते फक्त पैसे आणि मुलीचा फोटो. मुलाखतीचंही तेच. मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन प्रवेश देणं आणि देणगी घेणं, दोन्हींना कलम १३ नं बंदी आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे.

फोन लावला तर आधी “सर मीटिंगमध्ये आहेत”, मग नंबर बंद. खोलीचा एजंट म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली.

मुलीचं वर्ष मात्र गेलं नाही. शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी जुन्या शाळेचं नाव आणि मुलीचा स्टुडंट आयडी विचारला, आधार पाहिलं आणि त्याच दिवशी तिला वर्गात बसवलं. दाखल्यासाठी जुन्या शाळेला ऑनलाइन विनंती त्यांनीच पाठवली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट सांगतं, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, आणि दाखला देण्यात दिरंगाई करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही कलम १५ प्रमाणे परत पाठवता येत नाही. बदली करून येण्याचा हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे, विनाअनुदानित खाजगी शाळेवर तो बजावता येत नाही. नेमक्या याच फटीत असे लोक उभे राहतात. कामासाठी गाव सोडून येणाऱ्या, कुणी ओळखीचं नसलेल्या माणसाला लुबाडतात, याचा मला फार संताप येतो.

ऑनलाइन दिलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हा फोन जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुन्या ४२० च्या जागी आलेल्या कलमाखाली, अर्ज दिला आहे. रोख रकमेला पुरावा म्हणून त्यांचे मेसेज आणि ते पत्र जोडलंय. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही प्रत दिली. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्याकडे असंच पत्र असेल तर ते फाडू नका, मेसेज पुसू नका, आणि त्यातला यू-डायस क्रमांक शाळेत जाऊन आधी ताडून बघा.