व्हिस्कीटाऊन तलाव: कोणत्या महिन्यात पोहावे आणि कुठे

रेडिंगहून हायवे 299 धरून पश्चिमेला साधारण 13 किलोमीटर गेले की डाव्या हाताला व्हिस्कीटाऊन तलाव दिसू लागतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या जलाशयांमध्ये शास्ता तलावाचे नाव सर्वांच्या तोंडी असते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली आपली बहुतेक मराठी कुटुंबे तिथे हाउसबोट घेऊन जातात. परंतु बोटीवर राहणे आणि पाण्यात पोहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेली चार वर्षे मी दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या महिन्यांत पोहले आहे, आणि ज्याला केवळ पोहायचे आहे त्याने व्हिस्कीटाऊनलाच जावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

याचे पहिले कारण पाण्याची पातळी. शास्ताचे पाणी उन्हाळाभर शेतीसाठी आणि शहरांसाठी सोडले जात असल्याने ऑगस्ट उजाडेपर्यंत काठ खूप खाली जातो आणि पाण्यापर्यंत पोचायला लाल मातीचा उघडा, घसरडा उतार उतरावा लागतो. व्हिस्कीटाऊनचे तसे होत नाही. इथे ट्रिनिटी नदीचे पाणी डोंगराखालच्या सुमारे 17 किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून येते, कार (Carr) नावाच्या वीजगृहातून तलावात पडते आणि दुसऱ्या टोकाच्या बोगद्यातून सॅक्रामेंटो नदीच्या दिशेने निघून जाते. येणे आणि जाणे जवळपास सारखे राखले जात असल्याने उन्हाळ्यात तलाव काठोकाठ भरलेला असतो. ब्रँडी क्रीकच्या वाळूच्या किनाऱ्यावरून जूनमध्ये जितकी पावले चालून पाण्यात शिरावे लागते, तितकीच ऑगस्टमध्येही लागतात, आणि लहान मुले सोबत असली की या गोष्टीचे मोल कळते.

दुसरी गोष्ट तापमानाची. ज्यांनी मे महिन्यात गावाकडच्या विहिरीत सूर मारला आहे त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकले, तेव्हाच वरचे हातभर पाणी कोमट आणि पायाखालचे गार, हा अनुभव अंगात मुरला होता. व्हिस्कीटाऊनमध्ये हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडतो. उन्हाने तापलेले हलके पाणी वर राहते, आणि बोगद्यातून आलेले ट्रिनिटीचे थंड, जड पाणी त्याच्या खाली बुडी मारून तळाच्या बाजूने पुढे सरकते. हे दोन थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून 1993 मध्ये तलावात पाण्याखाली मोठे पडदे टांगण्यात आले. ते पोहणाऱ्यांच्या सोयीसाठी नाहीत. खाली सॅक्रामेंटो नदीत हिवाळ्यात नदीत शिरणारे म्हणून 'हिवाळी' म्हटले जाणारे चिनूक जातीचे सॅमन मासे ऐन उन्हाळ्यात अंडी घालतात आणि नदीचे पाणी साधारण 13 अंश सेल्सियसच्या वर गेले की ती अंडी मरू लागतात, म्हणून पुढे जाणारे पाणी गार ठेवावे लागते. तलावाचा वरचा थर आपल्याला सुखाचा वाटतो तो या व्यवस्थेच्या जिवावर, ही जाणीव मला पोहताना नेहमी असते.

माझ्या साध्या तरंगत्या तापमापकावर मे महिन्याच्या अखेरीस ब्रँडी क्रीकला सकाळी 17 अंशांच्या आसपास पाणी असते. बाहेर हवा 35 अंशांवर गेलेली असली तरी अशा पाण्यात एकदम उडी मारणे धोक्याचे आहे, कारण थंड पाण्याच्या पहिल्या स्पर्शाने श्वास अनावर होतो आणि नेमका त्याच क्षणी तोंडात पाणी जाऊ शकते. कमरेपर्यंत उभे राहून, मानेवर आणि चेहऱ्यावर पाणी मारून, श्वास ताब्यात आल्यावरच हात टाकावेत. जूनच्या शेवटी पाणी 21 अंशांच्या पुढे जाते. जुलै आणि ऑगस्टमध्ये ते 24-25 अंशांवर स्थिरावते, आणि तेव्हा तासभर सलग पोहूनही अंगात हुडहुडी भरत नाही. मला स्वतःला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत आवडतो: पाणी अजून उबदार असते, शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली असते आणि सकाळी तलाव काचेसारखा स्थिर असतो. ऑक्टोबरपासून वेटसूटशिवाय, म्हणजे अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाशिवाय, मी पाण्यात उतरत नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका दुकानातून भाड्याने घेतलेल्या वेटसूटची पाठीवरची चेन पाण्यात उघडली आणि दहा मिनिटांत परतावे लागले. तेव्हापासून भाड्याचा सूट आधी घालून, वाकून, हात फिरवून तपासल्याशिवाय मी घेत नाही.

जागेची निवडही महिन्याइतकीच महत्त्वाची आहे. तलावाच्या पश्चिम टोकाला, वीजगृहाच्या बाजूला, थंड पाणी नुकतेच आत आलेले असते आणि ऐन जुलैमध्येही तिथे हातपाय बधिर होऊ शकतात. तिकडे पोहू नये. उत्तर काठावरचे ओक बॉटम तंबू ठोकून राहणाऱ्यांना सोयीचे आहे, पण लांब पल्ल्याच्या पोहण्यासाठी दक्षिण काठावरचे ब्रँडी क्रीक मला अधिक पसंत आहे. दुपारनंतर वारा उठतो आणि शिडाच्या होड्या बाहेर पडतात, म्हणून मी सकाळी नऊच्या आत पाण्याबाहेर येते. या तलावावर जेट स्कीला बंदी आहे. त्यामुळे मिळणारी शांतता आणि सुरक्षितता शास्तावर मिळत नाही. तरीही कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधावा आणि एकट्याने लांब जाऊ नये.

2018 च्या जुलैमध्ये याच परिसरात पेटलेल्या 'कार' (Carr) नावाच्या वणव्यात तलावाभोवतीच्या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा बहुतेक सगळा भाग होरपळला. भोवतालच्या उतारांवर काळे पडलेले बुंधे उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी झुडपे दाट उगवली आहेत. सावली पूर्वीइतकी राहिलेली नसल्याने छत्री आणि भरपूर पिण्याचे पाणी सोबत न्यावे, कारण रेडिंगच्या उन्हाळ्यात 40 अंश ही नित्याची गोष्ट आहे. किनाऱ्यावर गाडी लावायला जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोचावे लागते. वाहनाचे प्रवेशशुल्क आहे, मात्र राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालतो.

परतताना धरणाजवळच्या माहिती केंद्रापाशी थांबावे. 28 सप्टेंबर 1963 रोजी अध्यक्ष केनेडी यांनी या धरणाचे लोकार्पण केले, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांची हत्या झाली. तिथून तलाव दूरवर दिसतो आणि सकाळी आपण पोहलेला ब्रँडी क्रीकचा काठही समोर ओळखता येतो.