मोटर तीच, रंग नवा

गोव्यात गाडीला हीटर-ब्लोअर कशाला, असं हसून विचारणाऱ्यांनी एकदा जुलैत चोर्ला घाट चढून बघावा. काच आतून धुरकटते, आणि ब्लोअरचा वारा काचेवर आला नाही तर एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फडकं. आमची कॉन्टेसा १९९२ची, बाबांची. कागदोपत्री व्हिंटेज ठरायला पन्नास वर्षं भरावी लागतात. आमच्यापुरती ती कधीच झाली.

गेल्या पावसाच्या तोंडावर ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालू लागला, खालचे नंबर बंद. म्हापशाकडच्या एका गॅरेजवाल्याने डॅशबोर्डला कान लावला. "मोटर गेल्या, पात्रांव." नवी मोटर, मजुरीसकट ५,८०० रुपये. जुनी मोटर मागितली तर ती म्हणे सकाळीच भंगारात गेली. बिलाचं विचारलं तर "आपल्याआपल्यांत बिल कसलं?" आणि मी गप्प बसलो.

गाडी आली ती कुठलाही नंबर लावा, वारा फुल्लच. "नवी आहे, दम आहे तिच्यात." पंधरा दिवसांत स्विचमधून जळका वास येऊ लागला.

फोंड्याच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मोटर बाहेर काढली. काळा स्प्रे मारून चकचकीत केलेली. पण पंख्याच्या एका पात्यावर, रंगाच्या खाली, एम-सीलचा ओबडधोबड गोळा होता. त्यावर अंगठ्याचा ठसा. तो बाबांनी लावताना मीच टॉर्च धरला होता.

"शेवटच्या नंबरावर फिरत होती ना? मग मेली कशी?" म्हातारा म्हणाला. खालच्या नंबरांचा करंट रेझिस्टरमधून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. शेवटचा नंबर रेझिस्टर टाळून थेट मोटरला पोचतो. गेला होता तो रेझिस्टर. तो गार राहावा म्हणून वाऱ्याच्या वाटेतच बसवतात, आणि आमच्या वाटेत आंब्याचा पाचोळा गच्च बसलेला. पहिल्या पठ्ठ्याने रेझिस्टर काढून वायरी सरळ एकमेकींना पिळून टाकल्या होत्या. आग लागली नाही हे नशीब. कुणी तुम्हाला मोटर गेली म्हणालं तर त्याच्यासमोर तिला बॅटरीवरून थेट दोन वायरी द्यायला लावा. जोरात फिरली तर पाकीट खिशातच ठेवा.

रेझिस्टर बसवून घेतला, सगळे मिळून ७०० रुपये. मग मोटरीचा फोटो घेऊन म्हापशाला गेलो, पात्यावरचा गोळा दाखवला.

"कंपनीतूनच तसो येता," तो म्हणाला.