मॅक्रो की झूम?

लातूरची भाची जुलैत आल्प्समध्ये पायी फिरायला निघालीय. फुलपाखरांचे फोटो काढायला कॅमेऱ्याची १०० मिमी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारकावे टिपणारी) न्यावी की ७०-३०० मिमी झूम (लांबचं जवळ आणणारी), यावर अडलीय.

वजनात फारसा फरक नाही. खरा प्रश्न अंतराचा. मॅक्रोनं पंखांवरचे खवलेसुद्धा दिसतात, पण त्यासाठी वीतभर अंतरावर जावं लागतं; सावली पडली की फुलपाखरू उडालंच. गौताळा अभयारण्यात मी हे फार वेळा पाहिलंय. सकाळच्या गारव्यात ती पंख पसरून ऊन खातात, तेवढीच संधी. झूमनं दीड मीटरवरून, पायवाट न सोडता आल्प्समधलं अपोलो फुलपाखरू टिपता येतं. बारकावे कमी, ओळख मात्र पटते.

रोज नवं गाव गाठायचं असेल तर झूम. एकाच कुरणात सकाळभर बसायचं असेल तर मॅक्रो. भाचीला झूमच दिली.